वाचकांचे प्रश्न : यीस्टच्या पेशीत गुणसूत्रांची वाटणी

यीस्टच्या पेशीत गुणसूत्रांची वाटणी कोणती प्रथिनं घडवतात आणि प्रयोगशाळेत हे तपासताना कुठे गफलत होते, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे ‘यीस्ट’ म्हणजे कळी काढून वाढणारं सॅकरोमायसीस सेरेव्हिसिए, म्हणजेच पावाचं यीस्ट, असं समजावं.

प्रश्न : सूत्री विभाजन शिकवताना आम्ही सांगतो की केंद्रकाचं आवरण नाहीसं होतं आणि मध्यावस्थेत गुणसूत्रं मधोमध एका ओळीत येतात. यीस्ट मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर यातलं काहीच दिसत नाही. मग यीस्टच्या विभाजनाला सूत्री विभाजन म्हणायचं का?
(माध्यमिक शाळेतल्या एक शिक्षिका)

हो, ते सूत्री विभाजनच आहे, पण बंद दाराआडचं. यीस्टमध्ये केंद्रकाचं आवरण शेवटपर्यंत शाबूत राहतं. आपल्या पेशींत ताराकेंद्राभोवतीचा भाग जे काम करतो, ते इथे तर्कुध्रुव नावाची थराथरांची चकती करते. ही चकती केंद्रकाच्या आवरणातच रुतलेली असते. तिच्या आतल्या बाजूने निघालेल्या सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक पोकळ नळ्या, गुणसूत्रांना धरतात, तर बाहेरच्या बाजूने निघालेल्या नलिका अख्खं केंद्रक कळीच्या मानेकडे ओढून नेतात.

काही दिसत नाही याचं कारण आकार. यीस्टच्या एकगुणित (प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असलेल्या) पेशीत १६ गुणसूत्रं असतात आणि सगळ्यांचा मिळून डीएनए साधारण १ कोटी २० लाख बेस जोड्यांचा. सर्वांत लहान गुणसूत्र जेमतेम २ लाख ३० हजार जोड्यांचं आहे. माणसाचं सर्वांत लहान गुणसूत्रसुद्धा त्याच्या जवळपास दोनशे पट भरतं. मध्यावस्थेतला अख्खा तर्कू, म्हणजे दोन ध्रुवांमधला सूक्ष्मनलिकांचा सांगाडा, दीड ते दोन मायक्रोमीटर लांब असतो, आणि साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला पाव मायक्रोमीटरच्या आतल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. त्यामुळे मधोमध लागलेली सुबक ओळ इथे शोधू नये.

मुलांना सांगण्यासारखी खरी गंमत वेगळीच आहे. माणसाच्या एकेका अर्धगुणसूत्राला (गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रतींपैकी एकीला) पंधरा-वीस सूक्ष्मनलिका धरतात. यीस्टमध्ये एका अर्धगुणसूत्राला एकच. म्हणजे दोन्ही ध्रुवांकडून प्रत्येकी १६ नलिका गुणसूत्रांसाठी, आणि दोन ध्रुवांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या आणखी सातआठ. एवढ्यावर सगळा कारभार चालतो. ती एक नलिका निसटली तर पर्यायी दुसरी नाही. तरीही एखादं ठरावीक गुणसूत्र हरवण्याची चूक साधारण एक लाख विभाजनांत एकदा होते. पोषक माध्यमात ही पेशी दीड तासात दुप्पट होते, हे लक्षात घेतलं की या अचूकतेचं मोल कळतं.

प्रश्न : गुणसूत्र आणि सूक्ष्मनलिका यांच्यामध्ये नेमकी कोणती प्रथिनं असतात? डीएनएपासून सुरू करून क्रमाने सांगाल का? आणि ओढण्यासाठी लागणारी शक्ती येते कुठून?
(जैवतंत्रज्ञानाचा पदवी विद्यार्थी)

सुरुवात गुणसूत्रबिंदूपासून, म्हणजे गुणसूत्रावर नलिका जिथे जोडली जाते त्या जागेपासून, करू. यीस्टचा गुणसूत्रबिंदू फक्त १२५ बेस जोड्यांचा आहे. लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी १९८० मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरचा हा तुकडा वेगळा काढला. त्याचे तीन भाग आहेत : पहिला आठ जोड्यांचा, दुसरा ऐंशीच्या आसपास जोड्यांचा आणि जवळजवळ पूर्णपणे ए व टी यांनी भरलेला, तिसरा पंचविसेक जोड्यांचा. पहिल्या भागावर सीबीएफ१ बसतं. ते नसेल तर गुणसूत्रं जास्त हरवतात, पण पेशी जगते. तिसऱ्या भागावर सीबीएफ३ हा चार प्रथिनांचा संच बसतो. या भागातल्या सीसीजी या तीन अक्षरांपैकी मधलं एक अक्षर बदललं तरी अख्खा गुणसूत्रबिंदू निकामी होतो.

दुसरा भाग एका खास न्यूक्लिओसोमवर, म्हणजे हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्याभोवती, गुंडाळलेला असतो. त्यात नेहमीच्या एच३ हिस्टोनऐवजी सीएसई४ असतं. त्याला एमआयएफ२ आणि सीटीएफ१९ च्या गटातली प्रथिनं धरतात. त्यांच्या वर एमटीडब्ल्यू१ चा चार प्रथिनांचा संच, आणि त्याला जोडलेला एनडीसी८० चा संच. एनडीसी८० हा लांबलचक दांडा आहे, जवळपास ५७ नॅनोमीटर. त्याचं एक टोक गुणसूत्राकडे, दुसरं थेट सूक्ष्मनलिकेवर. शेवटी डॅम१ चा दहा प्रथिनांचा संच. त्याच्या अनेक प्रती मिळून नलिकेभोवती कडं तयार होतं. या सगळ्या उतरंडीला मिळून कायनेटोकोर म्हणतात.

आता शक्तीचं. कायनेटोकोरवरची मोटर प्रथिनं गुणसूत्राला खेचत नेतात असा सर्रास समज आहे. यीस्टमध्ये मुख्य ओढ येते ती सूक्ष्मनलिका झिजण्यातून. नलिका लांब होताना तिच्या घटकांनी बांधून घेतलेल्या जीटीपी या ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा तिच्या भिंतीत ताणाच्या रूपाने साठते. टोक सुटायला लागलं की भिंतीच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला वळतात आणि डॅम१ च्या कड्याला ध्रुवाकडे ढकलतात. कडं पुढे सरकतं, त्याच्यामागे एनडीसी८० आणि गुणसूत्र. मोटर प्रथिनांचं मोठं काम दुसरीकडे आहे : सीआयएन८ आणि केआयपी१ दोन ध्रुवांना एकमेकांपासून ढकलतात. त्यांपैकी एक काढलं तर पेशी तग धरते, दोन्ही काढली तर तर्कूच उभा राहत नाही.

परीक्षेत आकृती काढायची तर बाण दोन प्रकारचे दाखवा : ध्रुवाकडे गुणसूत्र, आणि ध्रुवापासून ध्रुव. पश्चावस्थेत (जुळी वेगळी होतात त्या अवस्थेत) तर्कू आठ-दहा मायक्रोमीटरपर्यंत लांबतो. यीस्टमधलं बरंचसं अंतर या दुसऱ्या बाणानेच कापलं जातं.

प्रश्न : दोन जुळी अर्धगुणसूत्रं विरुद्ध ध्रुवांनाच जोडली गेली आहेत हे पेशीला कसं कळतं? दोन्ही एकाच ध्रुवाला जोडली गेली तरी प्रत्येकाला नलिका मिळालेलीच असते ना?
(पदव्युत्तर विद्यार्थिनी, सूक्ष्मजीवशास्त्र)

तुम्ही बरोबर त्या जागी बोट ठेवलं आहे जिथे या विषयाची सगळी किल्ली आहे. जोडणी झाली की नाही आणि जोडणी बरोबर झाली की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पेशी ते वेगवेगळ्या प्रथिनांकरवी सोडवते.

यीस्टमध्ये गुणसूत्रबिंदू जवळजवळ सगळा वेळ ध्रुवाला जोडलेलेच असतात. डीएनएची प्रत काढताना, तेही सुरुवातीलाच, ते एक-दोन मिनिटांसाठी सुटतात आणि नवा कायनेटोकोर रचला गेला की पुन्हा पकडले जातात. या वेळी दोन ध्रुव अजून शेजारी-शेजारी असतात. त्यामुळे दोन्ही जुळी एकाच ध्रुवाला, बहुधा जुन्या ध्रुवाला, अडकणं ही अपवादात्मक चूक नाही, ती सुरुवातीची नेहमीची अवस्था आहे. दुरुस्ती प्रत्येक विभाजनात करावीच लागते.

ही दुरुस्ती आयपीएल१ करतं. माणसातल्या ऑरोरा बी या विकराचं हे यीस्टमधलं रूप. एसएलआय१५, बीआयआर१ आणि एनबीएल१ या साथीदारांबरोबर ते काम करतं. एनडीसी८० च्या टोकाला आणि डॅम१ च्या विसाव्या जागेवरच्या सेरीनला ते फॉस्फेट लावतं. फॉस्फेट ऋणभारित, नलिकेचा पृष्ठभागही ऋणभारित, म्हणून पकड सैल पडते, नलिका सुटते, नवी पकडली जाते. पुन्हा चूक झाली तर पुन्हा सोडायचं.

मग हे थांबतं कधी? जुळ्यांना विरुद्ध ध्रुवांकडून ओढ बसली की. रस्सीखेचीत दोर ताठ राहण्यासाठी दोन्हीकडून ओढ हवी आणि मधला दोरही अखंड हवा. इथे तो दोर म्हणजे कोहेसिन. एसएमसी१, एसएमसी३ आणि एससीसी१ यांचं मिळून एक कडं बनतं, एससीसी३ त्याला बाहेरून जोडलेलं असतं. हे कडं दोन्ही जुळ्या डीएनएंना आपल्यात धरून ठेवतं. गुणसूत्रबिंदूच्या आजूबाजूच्या काही दहा हजार बेस जोड्यांच्या पट्ट्यात कोहेसिन इतर जागांपेक्षा दाट असतं, आणि ते उगीच नाही : ताण तिथेच पेलायचा असतो. विरुद्ध ओढ बसली की जुळ्यांचे गुणसूत्रबिंदू अर्ध्या मायक्रोमीटरहून अधिक फाकतात, पण बाह्या एकत्रच राहतात. या ताणाखाली आयपीएल१ चा परिणाम घटतो, जीएलसी७ नावाचं विकर फॉस्फेट काढून टाकतं आणि पकड पक्की होते.

ताणाचा स्वतःचाही थेट परिणाम आहे. २०१० मध्ये यीस्टमधून शुद्ध केलेले कायनेटोकोर सूक्ष्मनलिकेच्या टोकाला लावून लेसरच्या चिमट्याने ओढण्यात आले. तिथे आयपीएल१ ची लुडबुड नव्हती, तरी थोड्या ओढीखाली, साधारण ५ पिकोन्यूटनपर्यंत, जोडणी सैल पडण्याऐवजी जास्त वेळ टिकली.

आयपीएल१ बंद पडलं तर काय होतं हे आयपीएल१-३२१ या तापमान-संवेदी म्यूटंटमध्ये, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे उष्णतेत हे प्रथिन बंद पडणाऱ्या स्ट्रेनमध्ये (यीस्टच्या वाणात), स्वच्छ दिसतं. तापमान वाढवलं की दोन्ही जुळी जुन्या ध्रुवालाच चिकटून राहतात. जुना ध्रुव बहुतेक वेळा कळीत जातो, म्हणून कन्यापेशीत दोन प्रती आणि मातृपेशीत शून्य. ही पेशी विभाजन थांबवणारा धोक्याचा इशाराही देत नाही, कारण सगळे कायनेटोकोर ‘जोडलेले’ आहेत. आयपीएल१ चुकीची जोडणी सोडतं, म्हणजे रिकामा कायनेटोकोर तयार करतं, आणि इशारा त्या रिकाम्या कायनेटोकोरवरून निघतो.

ताण पुरेसा आहे हे दाखवणारा एक प्रयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. २००४ मध्ये एकाच लहान वर्तुळाकार डीएनएवर दोन गुणसूत्रबिंदू बसवण्यात आले. त्याची प्रतच निघालेली नव्हती, म्हणजे जुळं नाही आणि जुळ्यांना धरणारं कोहेसिनही नाही. तरी आयपीएल१ असेल तर ते दोन बिंदू विरुद्ध ध्रुवांना लागले. दोन बिंदूंना जोडणारा धागा कशाचा आहे याला महत्त्व नाही, तो ताण सहन करतो एवढं पुरतं.

प्रश्न : कोहेसिन इतकं आवश्यक, मग पश्चावस्थेत ते एकदम नाहीसं कसं होतं? वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीत) एससीसी१ चा कापलेला तुकडा मला कधी दिसतो, कधी दिसत नाही. त्याचं काय कारण असेल?
(संशोधक विद्यार्थी)

एससीसी१ कापलं जातं, दोन जागी : १८० व्या आणि २६८ व्या आर्जिनीनपाशी. कापणारं विकर ईएसपी१, म्हणजे सेपरेज. एरवी त्याला पीडीएस१, म्हणजे सेक्युरिन, अडवून धरतं. सर्व जोडण्या नीट झाल्या की सीडीसी२० ची साथ मिळालेला एपीसी हा संच सेक्युरिनवर युबिक्विटिन ही नष्ट करण्याची खूण लावतो, प्रोटिआसोम (प्रथिनं तोडणारं पेशीतलं यंत्र) ते नष्ट करतो आणि सेपरेज मोकळं होतं. सीडीसी५ हे विकर एससीसी१ ला आधीच फॉस्फेट लावून कापणं सोपं करून ठेवतं.

कोहेसिन कापणं एवढंच पुरेसं आहे का? २००० मध्ये याचं उत्तर मिळालं. एससीसी१ मधली कापण्याची एक जागा बदलून तिथे टीईव्ही या विषाणूच्या प्रोटिएजची जागा बसवली, सीडीसी२० चं उत्पादन बंद करून पेशी मध्यावस्थेत अडकवल्या आणि गॅलॅक्टोज देऊन टीईव्ही प्रोटिएज तयार करवलं. सेपरेज बंद असूनही जुळी सुटून दोन ध्रुवांकडे गेली. हा प्रयोग तुम्ही करणार असाल तर पेशी आधी रॅफिनोजवर वाढवा. ग्लुकोजवरून थेट गॅलॅक्टोजवर आणल्या तर उत्पादन सुरू व्हायला इतका उशीर होतो की एकाच वेळी काही घडत नाही आणि आलेख पसरट येतो.

आता तुमचा तुकडा. एससीसी१ चा कार्बॉक्सी बाजूचा तुकडा आर्जिनीनने सुरू होतो. असं टोक असलेल्या प्रथिनाला यूबीआर१ ओळखतं आणि ते काही मिनिटांत नष्ट होतं. पेशी एका लयीत नसतील तर कोणत्याही क्षणी फार थोड्या पेशींत तुकडा असतो आणि तो ब्लॉटवर उठत नाही. दोन उपाय : नमुने दर पाच ते दहा मिनिटांनी घ्या, किंवा यूबीआर१ काढलेला स्ट्रेन वापरा, त्यात तुकडा साचतो. मात्र यूबीआर१ नसलेल्या पेशीत गुणसूत्रं हरवण्याचं प्रमाण वाढतं, तेव्हा त्या स्ट्रेनवर गुणसूत्र हरवण्याची मोजणी करू नका. टॅग (प्रथिन ओळखण्यासाठी जोडलेली खूण) कोणत्या टोकाला आहे हेही पाहा. अमिनो टोकाला टॅग असेल तर तुम्ही दुसराच तुकडा शोधत आहात.

एक मुद्दा पुष्कळांकडून सुटतो. कोहेसिन जुळ्यांना बांधतं ते डीएनएची प्रत निघत असतानाच, ईसीओ१ ने एसएमसी३ वर दोन लायसिनना अ‍ॅसिटिल गट लावल्यावर. प्रत काढून झाल्यावर नवं एससीसी१ तयार केलं तर ते गुणसूत्रावर बसतं, पण जुळ्यांना एकत्र धरत नाही. म्हणून तापमान-संवेदी म्यूटंट ३७ अंशांवर प्रत काढून झाल्यावर पुन्हा २५ अंशांवर आणले तरी ते सावरत नाहीत. यात प्रयोगाची चूक नसते.

प्रश्न : एमएडी२ जनुक काढलेला आमचा स्ट्रेन वायपीडी या साध्या पोषक माध्यमावर अगदी छान वाढतो. मग इशारा देणाऱ्या या प्रथिनाची गरज काय? सूक्ष्मनलिका मोडणाऱ्या बेनोमिलच्या प्लेट्सवर एकदा वाढ दिसली, एकदा दिसली नाही. तसंच काम करणाऱ्या नोकोडॅझोलमध्येही निकाल सारखे येत नाहीत.
(प्रयोगशाळेतल्या संशोधन सहायक)

साध्या वाढीत बहुतेक पेशींच्या जोडण्या वेळेआधीच बरोबर झालेल्या असतात, म्हणून इशाऱ्यावाचून भागतं. गुणसूत्रं थोडी जास्त हरवतात एवढंच. उंदराच्या भ्रूणाला मात्र एमएडी२ शिवाय जगता येत नाही. १९९१ मध्ये एमएडी आणि बीयूबी ही जनुकं सापडली ती सूक्ष्मनलिका मोडणारी द्रव्यं यीस्टवर वापरूनच. नलिका मोडल्या की एमपीएस१ रिकाम्या कायनेटोकोरवरच्या एसपीसी१०५ ला फॉस्फेट लावतं, तिथे बीयूबी३ आणि बीयूबी१ येतात, मग एमएडी१ आणि एमएडी२. तिथून निघालेलं एमएडी२ हे एमएडी३ आणि बीयूबी३ बरोबर सीडीसी२० ला अडवतं. सीडीसी२० अडलं की सेक्युरिन टिकतं आणि कोहेसिन कापलं जात नाही.

बेनोमिल पाण्यात जेमतेम विरघळतं. थंड होत आलेल्या माध्यमात ते घातलं की त्याचा साका होतो आणि प्लेटवर पांढरे कण दिसतात. मग एका प्लेटवर मात्रा जास्त, दुसरीवर जवळजवळ नाहीच. डीएमएसओ या द्रावकातलं द्रावण ऑटोक्लेव्हमधून नुकत्याच काढलेल्या गरम माध्यमात, ढवळत, थेंबथेंब सोडा. शेवटची मात्रा मिलिलिटरला १० ते १५ मायक्रोग्रॅम साधारण बरी पडते, पण स्ट्रेनगणिक फरक पडतो, म्हणून ५, १०, १५ आणि २० अशा चार मात्रा आधी लावून बघा. नुसत्या डीएमएसओची प्लेट बरोबर हवीच. तापमान लिहून ठेवा : थंडाव्यात सूक्ष्मनलिका आधीच नाजूक असतात, त्यामुळे २५ अंशांवर तीच मात्रा ३० अंशांपेक्षा जास्त बाधते.

नोकोडॅझोलसाठी पेशी एका लयीत आणून मगच द्रव्य द्या. मेटिंग टाइप ‘ए’ च्या पेशी घ्या, ‘अल्फा’ पेशींवर अल्फा फॅक्टरचा (विभाजन सुरू होण्याआधी पेशी थांबवणाऱ्या संप्रेरकाचा) काही परिणाम होत नाही. वाढ जोमात असताना, ओडी (माध्यमाचा गढूळपणा) ०.२ ते ०.३ असताना, मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम अल्फा फॅक्टर द्या. बीएआर१ जनुक काढलेला स्ट्रेन असेल तर याच्या पन्नासावा हिस्साही पुरतो, कारण अल्फा फॅक्टर तोडणारं विकर त्यात नसतं. दोनेक तासांत दहापैकी नऊ पेशी बिनकळीच्या आणि एका बाजूला टोकदार झालेल्या दिसल्या पाहिजेत. तितक्या नसतील तर पुढे जाऊ नका. कोमट माध्यमाने दोन-तीनदा धुऊन १५ मायक्रोग्रॅम नोकोडॅझोल असलेल्या माध्यमात सोडा. डीएमएसओ एकूण १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका.

नोकोडॅझोलचा जोर तासाभरात ओसरू लागतो. नव्वद मिनिटांनंतर पेशी निसटलेल्या दिसल्या तर बहुतेक वेळा कारण हेच. दर तासाला निम्मी मात्रा पुन्हा घाला. नेहमीचा स्ट्रेन मोठी कळी आणि एकच केंद्रक अशा अवस्थेत थांबतो. एमएडी२ नसलेला थांबत नाही, पुढे नवी कळी काढतो. कळ्या मोजण्याखेरीज दर तासाला ठरावीक पेशी साध्या प्लेटवर पसरून किती जगल्या तेही मोजा. नेहमीच्या पेशी काही तास थांबूनही जगतात, एमएडी२ नसलेल्या भराभर मरतात, आणि हा फरक कळीच्या मोजणीपेक्षा कमी वादाचा असतो.

प्रश्न : गुणसूत्रबिंदूजवळ जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा ठिपका असलेल्या स्ट्रेनमध्ये मध्यावस्थेत बऱ्याच पेशींत दोन ठिपके दिसतात. आमच्या म्यूटंटमध्ये कोहेसिन कमकुवत आहे असा निष्कर्ष काढता येईल का?
(संशोधक विद्यार्थिनी)

नाही. नेहमीच्या निरोगी पेशीतही हे दोन ठिपके दिसतात. वर म्हटल्याप्रमाणे ताणाखाली गुणसूत्रबिंदूजवळचा भाग फाकतो, कधी मिटतो, पुन्हा फाकतो. तुमच्या म्यूटंटमध्ये दोन ठिपके जास्त दिसले तर ताण व्यवस्थित पडतोय एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

कोहेसिन तपासायचं तर ताण काढून टाका. पेशी नोकोडॅझोलमध्ये थांबवा आणि ठिपका गुणसूत्राच्या बाहीवर, बिंदूपासून काही दहा हजार जोड्या दूर घ्या. नेहमीच्या स्ट्रेनमध्ये बहुतेक पेशींत एकच ठिपका दिसेल, कोहेसिन ढासळलेलं असेल तिथे दोन. सोबत पीडीएस१ शाबूत आहे याची खात्री करा. ते नसेल तर नोकोडॅझोलमध्येही सेपरेज मोकळं असतं आणि चांगलं कोहेसिनही कापलं जातं.

विरुद्ध ध्रुवांना जोडणी झाली का हे तपासायचं असेल तेव्हा मात्र बिंदूजवळचाच ठिपका हवा आणि ध्रुव लाल रंगात हवेत, उदाहरणार्थ एसपीसी४२ या ध्रुवातल्या प्रथिनाला एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन लावून. दोन हिरवे ठिपके दोन लाल ठिपक्यांच्या मध्ये आहेत की एकाच लाल ठिपक्याला खेटून आहेत, ते पाहा. फॉर्मॅल्डिहाइडमध्ये पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, जीएफपी फिकं पडतं. फोकसचे थर पाव-पाव मायक्रोमीटरवर घ्या. एकाच थरात पाहिलं तर वर-खाली असलेले दोन ठिपके एकच वाटतात.

प्रश्न : लाल-पांढऱ्या वसाहतींच्या चाचणीत गुणसूत्र हरवण्याचा दर कसा काढायचा? आमच्या काही वसाहती पूर्ण पांढऱ्या येतात.
(पदव्युत्तर प्रकल्प करणारा गट)

या चाचणीत पेशीतलं एडीई२ जनुक बिघडलेलं असतं, म्हणून अ‍ॅडिनिन बनवण्याची साखळी मध्येच अडते आणि साचलेल्या पदार्थामुळे वसाहत लाल होते. जास्तीच्या गुणसूत्र-तुकड्यावर एसयूपी११ हे जनुक असतं, ते बिघाड झाकतं. तुकडा हरवला की तिथून पुढची पिढी लाल. द्विगुणित स्ट्रेन वापरलात तर जास्त माहिती मिळते : तुकड्याची एकही प्रत नसेल तर लाल, एक असेल तर गुलाबी, दोन असतील तर पांढरा. अर्धी लाल-अर्धी गुलाबी वसाहत म्हणजे पहिल्याच विभाजनात तुकडा एका पेशीला मिळाला आणि दुसरीकडे हरवला. अर्धी लाल-अर्धी पांढरी म्हणजे दोन्ही जुळी एकीकडेच गेली. आयपीएल१ किंवा कोहेसिनच्या बिघाडात हा दुसरा प्रकार वाढतो, म्हणून दोन्ही एकत्र मोजू नका.

दर काढताना निदान अर्धी लाल असलेल्याच वसाहती मोजा, कारण त्याच पहिल्या विभाजनाच्या आहेत. भागायचं एकूण वसाहतींनी, पण पूर्ण लाल वगळून. त्या प्लेटवर येण्याआधीच तुकडा गमावून बसलेल्या असतात. नेहमीच्या स्ट्रेनमध्ये असा तुकडा दहा हजारांत एखाद-दोनदा हरवतो. हजार वसाहतींत शून्य सापडणं म्हणजे दर शून्य नव्हे. तुलना करायची तर नेहमीच्या स्ट्रेनच्या काही दहा हजार वसाहती पाहायची तयारी ठेवा. म्यूटंटचा दर टक्क्याच्या घरात असेल तर त्याच्या हजारभर पुरतात.

पूर्ण पांढऱ्या वसाहतींची दोन कारणं असतात. द्विगुणित पेशीत तुकडा आधीच दुप्पट झालेला असू शकतो. किंवा त्या वसाहतीने श्वसनाची क्षमता गमावलेली असते. अशा वसाहती लहान असतात आणि एडीई२ बिघडलेलं असूनही त्यांना लाल रंग येत नाही. ग्लिसरॉलच्या प्लेटवर त्यांचा ठसा घ्या. वाढल्या नाहीत तर त्या मोजणीतून काढून टाका. रंग फिका वाटत असेल तर माध्यमात अ‍ॅडिनिन जास्त झालं आहे का ते पाहा, आणि प्लेट्स मोजण्याआधी काही दिवस ४ अंशांवर ठेवा, लाल रंग गडद होतो.

प्रश्न : सगळी गुणसूत्रं एकाच क्षणी सुटतात का?
(विज्ञानाचे एक वाचक)

सुरुवात जवळजवळ एकत्र होते, शेवट नाही. बाराव्या गुणसूत्रावर रायबोसोमल आरएनएची जनुकं शंभर-दोनशे वेळा ओळीने आलेली आहेत, एकेक ९.१ हजार जोड्यांचं. हा पट्टा सर्वांत शेवटी सुटतो, कारण तिथली जुळी कोहेसिन गेल्यावरही एकमेकांत गुंतलेली राहतात. ती सोडवायला कंडेन्सिन (डीएनए आखडून घेणारा प्रथिनसंच) लागतं, आणि कंडेन्सिन तिथे नीट बसण्यासाठी एनईटी१ ने केंद्रिकेत अडकवून ठेवलेलं सीडीसी१४ पश्चावस्थेत मोकळं व्हावं लागतं. कंडेन्सिनच्या म्यूटंटमध्ये बाकी पंधरा गुणसूत्रं बऱ्यापैकी दोन बाजूंना जातात आणि बारावं मात्र कळीच्या मानेत ताणलेलं राहतं. डीएपीआय या डीएनएच्या रंगाने रंगवल्यावर दोन केंद्रकांच्या मधला बारीक धागा दिसतो तो बऱ्याचदा याचाच. म्हणून म्यूटंट तपासताना ठिपका फक्त चौथ्या किंवा पाचव्या गुणसूत्रावर ठेवून समाधान मानू नका. बाराव्याच्या टोकाजवळही एक ठेवा.